कामापुरता मामा : स्वालबार्ड बेटांची कहाणी

सदर : जगाच्या पाठीवर



घरात मुलांचा शाळेतला जगाचा नकाशा असेल तर तो आज जमिनीवर पसरा. आधी मुंबईवर बोट ठेवा. आता ते बोट वर वर आणि थोडे डावीकडे न्या. युरोप खंडाच्या माथ्यावर नॉर्वे नावाचा देश लागेल. तो संपला तरी थांबू नका. समुद्रातून आणखी नऊशे-साडेनऊशे किलोमीटर वर गेलात की पांढऱ्या रंगाचे काही ठिपके दिसतील. तीच ही स्वालबार्ड बेटे. त्याच्या पुढे माणसाची वस्ती म्हणावी असे जवळजवळ काही नाही. आहे तो फक्त बर्फ आणि उत्तर ध्रुव.

अशा ओसाड जागेची माहिती आपण का करून घ्यायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या बेटांवर मूळचा रहिवासी असा कोणी कधी नव्हताच. तिथे जो गेला तो कामासाठी गेला. आधी देवमासे मारणारे खलाशी गेले, मग कातड्यासाठी जनावरे धरणारे शिकारी गेले, मग खाणीत उतरणारे कामगार गेले. आपल्याकडे म्हण आहे : 'कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी.' ही म्हण एखाद्या मुलखाचा कायदा झाली तर तिथे माणसाचे काय होते, हे स्वालबार्डच्या चारशे वर्षांच्या इतिहासात पाहायला मिळते. म्हणून आज तिथली ही सफर.

चार महिन्यांचा दिवस, चार महिन्यांची रात्र

स्वालबार्ड हे एक बेट नाही, तो बेटांचा समूह आहे. सर्वात मोठ्या बेटाचे नाव स्पिट्सबर्गन. सगळ्या बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे जागा काही लहान नाही. पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे. मुख्य गाव लाँगयिअरब्येन. वस्ती सुमारे अडीच हजार. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या चाळ-समूहात याहून जास्त माणसे राहतात!

इथे दिवस-रात्रीचा हिशोब वेगळा आहे. एप्रिलच्या २० तारखेच्या आसपास सूर्य वर येतो तो ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही. रात्री बारा वाजतासुद्धा उन्हात वर्तमानपत्र वाचा! उलट, ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य जो क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. त्यातले अडीच महिने तर दुपारीही काळोख. गाव डोंगरांच्या कुशीत आहे, त्यामुळे उन्हाची तिरीप प्रत्यक्ष गावात पोहोचायला मार्चची ८ तारीख उजाडते. त्या दिवशी लहानथोर सारे जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमतात. मुले सूर्याला हाका मारतात. ऊन पायरीवर पडले की एकच जल्लोष होतो. आपण उन्हाला कंटाळलेली माणसे. पण तिथे उन्हाचा कवडसा म्हणजे सण!

झाड म्हणावे असे एकही झाड नाही. विलो नावाचे एक झुडूप आहे, पण ते जमिनीला चिकटून बोटभर उंचीने वाढते. तरीही निसर्ग मेलेला नाही. आखूड पायांचे गुबगुबीत रेनडिअर हरण आहे. हिवाळ्यात पांढरा होणारा ध्रुवीय कोल्हा आहे. समुद्रकड्यांवर लाखोंच्या संख्येने पक्षी घरटी करतात. त्यांत आर्क्टिक टर्न नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. तो उन्हाळा इथे काढतो आणि थंडी लागली की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण ध्रुवाकडे जातो. पुढच्या वर्षी पुन्हा परत! कोणी त्याच्या घरट्याजवळ गेले तर तो थेट डोक्यावर चोच मारतो. पक्ष्यांच्या रक्षणासाठी या बेटांवर मांजर पाळायलाही बंदी आहे.

आणि अर्थात, पांढरे अस्वल. जमिनीवरचा हा सर्वात मोठा शिकारी प्राणी. गावाची हद्द ओलांडली की अस्वलापासून बचावाचे साधन जवळ ठेवावेच लागते. माणसे बंदूक घेऊन हिंडतात, पण शिकारीसाठी नव्हे. अस्वलाला १९७३ पासून संरक्षण आहे. २०२५ पासून तर त्याच्यापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर दूर राहायचा नियम झाला आहे. पोटच्या पिलांसह बर्फावर शिकार शोधणाऱ्या मादीला पर्यटकांनी छळू नये, हा त्यामागचा हेतू.

टोपीवरून ओळख

विलेम बारेंट्स हा डच दर्यावर्दी १५९६ साली इथे पोहोचला. टोकदार डोंगर पाहून मोठ्या बेटाला 'स्पिट्सबर्गन' म्हणजे 'अणकुचीदार डोंगर' हे नाव पडले. बारेंट्स दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्या एका बर्फाळ बेटावर हिवाळा काढून परतताना मरण पावला. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव येते. पण त्याच्या मागून जी हजारो साधी माणसे आली, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत?

ती आली देवमाशांसाठी. त्या काळी युरोपात दिव्याला तेल हवे होते, साबणाला चरबी हवी होती. देवमाशाच्या तोंडात कंगव्यासारखे जे लवचिक पट्टे असतात ते श्रीमंत बायकांच्या कमरेचे कपडे ताठ ठेवायला लागत. डचांनी १७ व्या शतकाच्या सुरुवातीला 'स्मेरेनबर्ग' नावाचे ठाणे वसवले. नावाचा अर्थच 'चरबीचे गाव'! उन्हाळ्यात तिथे मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत रात्रंदिवस चरबी उकळत असे. धूर, दुर्गंधी, पायाखाली रक्त आणि तेल. नफा मात्र अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा.

ठाण्यातल्या सामानाची राखण करायला हिवाळ्यात कोणीतरी थांबावे, असे मालकांना वाटले. १६३३ च्या हिवाळ्यात सात माणसे मागे ठेवली. ती जगली. म्हणून पुढच्या वर्षी, १६३४ साली, आणखी सात ठेवली. ती सातही जण मेली. ताजी भाजी, ताजे मांस मिळाले नाही की स्कर्व्ही नावाचा रोग होतो. हिरड्या सडतात, दात पडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. मूठभर लिंबांनी बरा होणारा हा रोग! पण तो कशाने होतो हे तेव्हा ठाऊक नव्हते.

वर्षानुवर्षांच्या या कामात जे मेले त्यांना किनाऱ्यावर उथळ खड्डे खणून पुरले. कारण जमीन बारमाही गोठलेली, फार खोल कुदळ जातच नाही. १९८० साली डच संशोधकांनी अशा १८५ कबरी उघडल्या. आत काय दिसले? सांगाड्यांच्या डोक्यावर लोकरीच्या विणलेल्या टोप्या तशाच होत्या! प्रत्येक टोपीचे पट्टे वेगळे, रंग वेगळे. थंडीमुळे माणसे नखशिखांत गुंडाळलेली असत, तोंड दिसत नसे. तेव्हा टोपीच्या विणीवरून 'हा अमका, हा तमका' अशी ओळख पटत असावी, असे जाणकार सांगतात. म्हणूनच बहुधा मेल्यावरही सोबत्यांनी ती टोपी डोक्यावर राहू दिली. त्या टोप्या आज अॅमस्टरडॅमच्या मोठ्या संग्रहालयात राजेरजवाड्यांच्या वस्तूंबरोबर ठेवल्या आहेत. माणसांची नावे गेली. पण कोणा आईने, कोणा बायकोने किंवा त्यांच्या स्वतःच्या हातांनी घातलेले टाके उरले.

देवमासे इतके मारले की किनाऱ्याजवळ ते दिसेनासे झाले. देवमासा संपला, तसे चरबीचे गावही ओस पडले.

त्यानंतर रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे पोमोर नावाचे दर्यावर्दी लोक आले. ते वालरस आणि कोल्ह्याची शिकार करीत. १७४३ साली त्यांच्यातले चौघे एका बेटावर अडकले. जहाज बर्फात नाहीसे झाले. जवळ बंदूक आणि जेमतेम बारा गोळ्या. पण त्यांनी सैबेरियाच्या नद्यांतून समुद्रावर वाहत आलेली लाकडे गोळा केली, त्यातल्या खिळ्यांचे भाले केले, हरणे मारली. स्कर्व्ही टाळण्यासाठी कच्चे मांस, हरणाचे ताजे रक्त आणि तिथे उगवणारा एक पाला खाल्ला. सहा वर्षांनी, १७४९ साली, एका जहाजाने त्यांना सोडवले. चौघांतला एक तेवढा दगावला होता. शाळेची पायरी न चढलेल्या त्या शिकाऱ्यांना जे साधले, ते पैसेवाल्या कंपनीच्या सात पहारेकऱ्यांना साधले नव्हते. अनुभवाचे ज्ञान ते हेच.

कंपनीचे गाव, कंपनीच्या नोटा

आता एक कोडे. जिथे झाड उगवत नाही तिथे दगडी कोळसा कसा सापडतो? कोळसा तर पुरलेल्या झाडांचाच होतो! उत्तर असे, की सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी ही जमीन इतकी उत्तरेला नव्हती आणि हवाही उबदार होती. तिथे दाट रान होते. आजही हिमनदीने वाहून आणलेल्या दगडांवर त्या काळच्या पानांचे ठसे सापडतात. मुले ते गोळा करतात.

हा कोळसा काढायला जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकन भांडवलदाराने १९०६ साली कंपनी काढली. त्याच्याच नावाने गाव वसले. लाँगयिअरब्येन म्हणजे 'लाँगयिअरचे गाव'. १९१६ साली नॉर्वेच्या 'स्टोर नोर्स्के' कंपनीने ते विकत घेतले. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, इस्पितळ कंपनीचे. इतकेच काय, नोटासुद्धा कंपनीच्या! १९८० च्या सुमारापर्यंत ही कंपनी स्वतःच्या नावाच्या नोटा चालवीत असे. गिरणगावात ज्यांनी उधारीची वही पाहिली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मजुरी मालकाकडून घ्यायची आणि खर्चही त्याच्याच गल्ल्यात करायचा.

राहण्या-जेवण्यातही पायरी होती. साहेब लोकांची खाणावळ वेगळी, खाणकामगारांची वेगळी. साहेबांच्या खाणावळीची इमारत आज उंची हॉटेल झाली आहे.

आणि काम? काही खाणींत कोळशाचा थर इतका पातळ, की उभे राहायचे नाव नाही. आडवे पडून, सरपटत कोळसा काढायचा. अंगभर काळी भुकटी. म्हणून घरात शिरताना बूट बाहेर काढायची रीत पडली. ती आजही पाळली जाते. हॉटेल असो, संग्रहालय असो, पाहुण्याला बूट दारात काढावे लागतात. आपल्या घरी चप्पल उंबऱ्याबाहेर राहते, तसेच. फरक इतका, की तिथे ही रीत कामगाराने पाडली आणि बड्या पाहुण्यांनाही ती पाळावी लागते!

३ जानेवारी १९२० रोजी लाँगयिअरब्येनच्या पहिल्या खाणीत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला. २६ कामगार ठार झाले. ऐन काळोखाच्या दिवसांत. त्या मोसमात बर्फामुळे जहाज येत नसे. घरच्यांना प्रेत पाहायला मिळणेही शक्य नव्हते.

एकवीस कामगार आणि एक सरकार

याहून उत्तरेला नी-ऑलेसुंड नावाचे आणखी एक खाणीचे गाव होते. तिथली 'किंग्ज बे' ही कंपनी खुद्द नॉर्वे सरकारच्या मालकीची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अपघातांची रांगच लागली. १९४८ मध्ये १५ मेले, १९५२ मध्ये ९, १९५३ मध्ये १९. दर वेळी हळहळ झाली आणि काम पुन्हा सुरू झाले. अखेर ५ नोव्हेंबर १९६२ रोजी मोठा स्फोट झाला. २१ कामगार गेले. त्यांतल्या काहींचे मृतदेह वर काढताच आले नाहीत. ते आजही त्या डोंगराच्या पोटात आहेत.

या वेळी मात्र गोष्ट दाबली गेली नाही. चौकशी समिती नेमली. १९६३ च्या उन्हाळ्यात तिचा अहवाल आला. सुरक्षिततेच्या बाबतीत कंपनीच्या कारभारात आणि सरकारी देखरेखीत गंभीर ढिलाई होती, असे त्यातून उघड झाले. नॉर्वेची संसद सुट्टीतून परत बोलावली गेली. चर्चा लोकांनी रेडिओवर आणि नव्यानेच आलेल्या दूरदर्शन संचावर घरोघर ऐकली. त्या वेळी मजूर पक्षाचे सरकार होते. पंतप्रधान आयनार गेरहार्डसन स्वतः तरुणपणी रस्त्याच्या कामावर मजूर होते, कामगार संघटनेतून वर आले होते. तरीही प्रश्न विचारला गेला : सरकार कामगारांचे म्हणवता, मग सरकारच्याच खाणीत कामगार का मेले? ऑगस्ट १९६३ मध्ये अविश्वासाचा ठराव मंजूर झाला आणि सरकार पडले. डाव्या विचारांच्या एका छोट्या पक्षाच्या दोन खासदारांची मते त्यात निर्णायक ठरली.

नवे सरकार चार आठवडेच टिकले आणि गेरहार्डसन परत आले, हे खरे. पण दूरच्या बेटावर मेलेल्या एकवीस मजुरांनी देशाचे सरकार हलवले, हे इतिहासात कायमचे नोंदले गेले. नी-ऑलेसुंडची खाण बंद झाली ती कायमची. आपले राज्य आले म्हणून आपली सुरक्षितता आपोआप येत नाही. ती मागावी लागते, आणि आपल्या माणसाला तर जास्तच ठणकावून मागावी लागते, हा यातला धडा.

बेटांवर रशियाच्याही खाणी होत्या. बारेंट्सबर्ग आणि पिरामिडेन ही त्यांची गावे. तिथले पुष्कळ कामगार युक्रेनच्या कोळसापट्ट्यातून आलेले. २९ ऑगस्ट १९९६ रोजी खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारे विमान लाँगयिअरब्येनजवळच्या डोंगरावर आपटले. १४१ माणसे गेली. एकही वाचले नाही. पुढच्याच वर्षी बारेंट्सबर्गच्या खाणीत स्फोट होऊन २३ जण ठार झाले. १९९८ मध्ये पिरामिडेन बंद झाले. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, शाळा, चौकातला लेनिनचा पुतळा सारे जागच्या जागी आहे. माणसे तेवढी गेली. आता पर्यटक ते गाव पाहायला येतात.

या, राहा, पण म्हातारे होऊ नका!

आता स्वालबार्डचे सर्वात नवलाचे अंग. पहिल्या महायुद्धापर्यंत ही बेटे कोणाच्याच मालकीची नव्हती. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये एक करार झाला आणि १९२५ मध्ये तो अमलात आला. त्याने बेटांवर नॉर्वेचे राज्य मान्य केले, पण अटी घातल्या. करारात सामील असलेल्या सर्व देशांच्या नागरिकांना इथे सारखेच हक्क मिळतील. युद्धाच्या कामासाठी बेटे वापरायची नाहीत. आणि वाचकहो, या करारावर मूळ सही करणाऱ्यांत भारताचेही नाव आहे! तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो, सही ब्रिटिश साम्राज्यातर्फे झाली. पण करार आजही भारताला लागू आहे. इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. जात, धर्म, देश, कोणी विचारत नाही. जगात अशी जागा क्वचितच सापडेल.

मग अडचण कुठे आहे? ती बारीक अक्षरांत आहे. इथे राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईवर जगले पाहिजे. ज्याला पोट भरता येत नाही त्याला प्रशासन बेटाबाहेर पाठवू शकते. मुख्य भूमीवर नॉर्वेत वृद्धांसाठी आणि आजारी माणसांसाठी जी उत्तम व्यवस्था आहे, ती इथे नाही. बाळंतपणाची सोय नाही. दिवस भरत आले की बाईने तीनेक आठवडे आधी विमानाने मुख्य भूमीवर जायचे. म्हातारपण आले, निघा. आणि मेलात तर? गोठलेली जमीन शवपेटी वर ढकलते, म्हणून १९५० पासून नव्या शवपेट्या पुरत नाहीत. 'तिथे मरायला कायद्याने बंदी आहे' अशी गंमत सांगितली जाते. ती खरी नाही. कायदा मरणाला थोडाच अडवतो! पण शेवटची जागा तिथे मिळत नाही, हे खरे.

म्हणजे जन्म तिथे नाही, म्हातारपण नाही, माती नाही. फक्त मधली कमावती वर्षे तेवढी बेटाची. कामापुरता मामा!

आज खाणीतल्या कामगाराची जागा हॉटेलातल्या, दुकानातल्या आणि साफसफाईच्या कामगाराने घेतली आहे. लाँगयिअरब्येनमध्ये पन्नासहून अधिक देशांचे लोक राहतात. गावात सुमारे तीनात एक माणूस नॉर्वेबाहेरचा. थायलंड आणि फिलिपाइन्समधून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अनेकजण वर्षानुवर्षे तिथे आहेत, कर भरतात, मुले तिथल्या शाळेत जातात. २००२ पासून गावाचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते आणि परदेशी रहिवाशांनाही त्यात मत होते. २०२२ मध्ये नॉर्वे सरकारने नियम बदलला. जो परदेशी माणूस आधी तीन वर्षे मुख्य भूमीवर राहिलेला नाही, त्याला गावच्या निवडणुकीत मत नाही आणि उभेही राहता येत नाही. सीमेवरच्या बेटांवर देशाचा ताबा पक्का राहावा, हे सरकारचे कारण. त्याला त्यांच्या दृष्टीने वजन असेलही. पण जो रस्ता झाडतो, भांडी घासतो, तिथेच मुले वाढवतो, त्याला कचऱ्याचा डबा कुठे असावा हे ठरवण्यातही मत नाही. मताचे मोल काय असते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हक्क सारखे आहेत असे करार म्हणतो. पण कमवायचा हक्क आणि ठरवायचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत.

ज्वारीचे दाणे बर्फात

या दूरच्या बेटांशी आपलाही धागा जोडलेला आहे. लाँगयिअरब्येनजवळच्या डोंगरात शंभराहून अधिक मीटर आत एक कोठार कोरले आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते उघडले. त्यात जगभरच्या पिकांचे बी उणे १८ अंश तापमानात जपून ठेवले आहे. आज तिथे तेरा लाखांहून अधिक नमुने आहेत. युद्ध, पूर, आग यांत एखाद्या देशाची बियाणे-पेढी बुडाली तरी बी नष्ट होऊ नये, ही कल्पना. आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे हजारो वाण तिथे पाठवले आहेत. ज्या ज्वारीच्या भाकरीवर आपल्या पिढ्या वाढल्या, त्या पिकाचे दाणे ध्रुवाच्या शेजारी निजले आहेत!

हे नुसते देखाव्याचे काम नाही. सीरियात युद्ध पेटले, अलेप्पो शहराजवळच्या बियाणे-पेढीत जाणे अशक्य झाले. तेव्हा २०१५ मध्ये त्या संस्थेने स्वालबार्डमधली आपली ठेव परत मागितली. ते बी मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पेरले, वाढवले आणि २०१७ मध्ये नवे दाणे पुन्हा कोठारात आणून ठेवले. बँकेत ठेवलेला पैसा अडीअडचणीला यावा, तसे. हे बी मुळात कोणी निवडले? हजारो वर्षे शेतात राबणाऱ्या, कणसातला चांगला दाणा बाजूला काढून ठेवणाऱ्या बायाबापड्यांनी.

दुसरा धागा नी-ऑलेसुंडचा. जिथे एकवीस कामगार गेले, ते गाव खाण बंद झाल्यावर शास्त्रज्ञांचे झाले. तीच 'किंग्ज बे' कंपनी आता जगभरच्या संशोधकांची व्यवस्था पाहते. १ जुलै २००८ रोजी भारताने तिथे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केले. त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ तिथल्या हिवाळ्यातही, भर काळोखात, काम करू लागले आहेत. तिथल्या बर्फाचा आणि आपल्या पावसाळ्याचा काही संबंध आहे का, हाही त्यांच्या अभ्यासाचा एक विषय आहे. आपल्या घरातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. ही वाट बंद नाही.

बर्फ वितळतो आहे

हा अभ्यास आता निकडीचा झाला आहे, कारण पृथ्वीवर अत्यंत वेगाने तापणाऱ्या जागांत स्वालबार्ड मोडते. १९७० नंतर तिथले सरासरी तापमान सुमारे चार अंशांनी वाढले. पश्चिमेकडच्या ज्या खाड्या हिवाळ्यात गोठत, त्या आता अनेकदा गोठत नाहीत. अस्वलाला सील पकडायला समुद्रावरचा बर्फ लागतो, तो कमी होतो आहे. हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठून काचेसारखा थर होतो आणि खालचे गवत न मिळाल्याने रेनडिअर उपाशी मरतात. १९ डिसेंबर २०१५ रोजी गावावर हिमकडा कोसळला. अकरा घरे उखडली, दोघे मेले, त्यांत एक लहान मूल होते. खुद्द बियाण्यांच्या कोठाराच्या प्रवेशबोगद्यातही २०१६ मध्ये पाणी शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण बोगदा दुरुस्त करावा लागला. कायमचे गोठलेले राहील, या भरवशावर बांधलेली गोष्ट ती!

आणि किनाऱ्यावरच्या खलाशांच्या कबरी? जमीन विरघळते तशा त्या उघड्या पडतात, लाटा त्यांना ओढून नेतात, लोकरीचे कपडे कुजतात. ज्यांची नावे उरली नव्हती, त्यांच्या टोप्याही आता जात आहेत.

या उष्णतेला कोळशाचा धूर हेच एक मोठे कारण आहे. लाँगयिअरब्येनचे कोळशावरचे वीजघर २०२३ मध्ये बंद झाले आणि ३० जून २०२५ रोजी तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण, खाण क्रमांक ७, बंद झाली. सव्वाशे वर्षांचा एक अध्याय संपला. बंद होणे योग्यच होते. पण गिरण्या बंद पडल्यावर काय होते हे ज्यांनी मुंबईत पाहिले, त्यांना त्या शेवटच्या पाळीचे मन कळेल. रशियाच्या बारेंट्सबर्गमध्ये थोडे खाणकाम अजून चालते.

जायचे असेल तर

ऑस्लोहून विमानाने सुमारे तीन तासांत लाँगयिअरब्येन गाठता येते. स्वालबार्डला व्हिसा लागत नसला तरी वाटेत नॉर्वेतून जावे लागते, म्हणून भारतीयांना त्याचा व्हिसा, तोही दोन वेळा प्रवेशाचा, काढावा लागतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची स्कूटर. खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, हे सरळ सांगितलेले बरे.

पण कोणी गेलाच, आपल्यातलाच एखादा खलाशी, परिचारिका, संशोधक, तर एक करावे. पांढऱ्या अस्वलाचा फोटो सगळेच काढतात. गावावरच्या उतारावर छोटे पांढरे क्रूस आहेत, ते खाणकामगारांचे स्मशान. तिथे दोन मिनिटे उभे राहावे. आणि हॉटेलात खोली झाडणाऱ्या बाईला तिचे नाव विचारावे.

देश म्हणजे नकाशावरचा रंग नव्हे. जिथे माणसाला काम मिळते ती जागा पोटाची. जिथे त्याला जन्म, म्हातारपण, मत आणि माती मिळते तीच जागा त्याची. ज्या मुलखात कष्ट करणारा फक्त कामापुरता मामा असतो, तो मुलूख कितीही सुंदर असो, अजून गाव झालेला नसतो.